डाव्या कोपऱ्याशेजारचा

भात झोडून झालं, मागच्या ओलीवर वाल पेरून झाले, की आमच्या पेण-रोह्याकडच्या माणसांचे हातपाय शिवशिवायला लागतात. शेतातलं काम संपलेलं असतं, अंगातला जोर मात्र शिल्लक असतो. मग मैदानासाठी कुठून तरी तांबड्या मातीचा ट्रक येतो. माती चाळतात, पाणी मारतात, खाडीकडच्या गावांत त्यात पसाभर मीठही टाकतात म्हणजे ओल धरून राहते, आणि मग लाकडी चोपण्यांनी ती चोपत बसतात. परवा, वालाला शेंगा लागल्या असताना, फिरायला गेलो तर तो धप धप आवाज कानावर आला आणि मी रस्त्यातच थांबलो. बायको म्हणाली, "झालं. आता शिमग्यापर्यंत तुम्ही काही घरचे नव्हेत." तिचं म्हणणं खोटं नाही.

मी रोह्यात एका शाळेत खेळाचा मास्तर होतो. आता निवृत्त आहे, पण कबड्डीच्या जिल्हा निवडसमितीतून मला अजून कुणी निवृत्त केलेलं नाही. माझं काम फार सोपं आहे आणि फार वाईटही. पोरं खेळतात, मी बघतो, आणि शेवटी सांगतो की हा जाईल आणि हा राहील. जो राहतो त्याचा बाप मला बाजारात भेटतो. काही जण नमस्कार करतात, काही जण मासळीकडे बघत पुढे जातात. मी कुणाला खोटी आशा लावली नाही, एवढी एकच गोष्ट मी छातीठोक सांगू शकतो. "अजून थोडी मेहनत केली तर..." असली वाक्यं मी तोंडातून काढत नाही. मुलगा अमुक ठिकाणापर्यंत जाईल, त्याच्या पुढे नाही, असं सरळ सांगून मोकळा होतो. बायको म्हणते, मला बघायला आले होते तेव्हासुद्धा हे माझ्या पायांकडेच बघत होते. तिला वाटलं मुलगा लाजाळू आहे.

पायांकडे बघतो हे खरं. लोकांना चढाई आवडते. एकटा माणूस दम धरून समोरच्या अंगणात जातो, दोघांना हात लावून परत येतो, टाळ्या होतात. मला पहिल्यापासून पकड करणारा बघायला आवडतो, आणि त्यातही कोपऱ्यातला. तो उभा असतो, वाकलेला, खालून नजर लावून वाट बघत. चढाई करणारा हाताने फसवतो, डोळ्यांनी फसवतो, पण कमरेने फसवता येत नाही. माणूस जिकडे जाणार तिकडे त्याची कंबर आधी जाते. जो पोरगा कमरेकडे बघतो तो शिकलेला असतो, मग त्याला कुणी शिकवलेलं असो वा नसो. आणि दुसरं मी बघतो ते पकड फसल्यावर. माती झटकत, शेजाऱ्याकडे रागाने बघत उठणारे पुष्कळ असतात. काही न बोलता उठून पुन्हा तिथेच उभा राहणारा विरळा.

त्या हंगामात मला तसे दोघे सापडले, आणि ते सख्खे भाऊ होते.

गाव खारेपाटातलं, पेणहून धरमतरच्या खाडीकडे जाताना लागणारं. नाव सांगत नाही, सांगितलं तर त्यांच्या मंडळाचे कार्यकर्ते श्रीफळ घेऊन घरी येतील. बाप बार्जवर कामाला, घरची थोडी खारी जमीन. थोरला मंगेश डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट करायचा, लग्न झालेलं, एक मुलगी. धाकटा सुजित नुकता बारावी झालेला आणि दिवसभर मैदानाच्या कडेला लोळणारा. संघात डावा कोपरा सुजितचा आणि त्याच्या शेजारी मंगेश, संघाचा कर्णधार. दोघांचे हात एकमेकांत अडकवलेले. उन्हं कलताना सामना सुरू झाला आणि अर्ध्या तासात मी खुर्ची पुढे ओढून बसलो. समोरचा चढाईला येई, पाय टाकी, आणि हे दोघे एकाच वेळी त्याच्यावर जात. एकाने घोटा धरलेला, दुसऱ्याने मांडी. पंचाला शिट्टी वाजवायचं तेवढं काम उरे.

खरं सांगायचं तर दोघांत मंगेश सरस होता. नजर त्याची होती. कधी जायचं हे तो ठरवायचा, सुजित फक्त जायचा. पण मंगेश तिशीकडे झुकलेला, त्याला शिफ्ट होती, घर होतं. सुजितला अजून हाडं वाढायची होती. त्या घरातून एकच जण बाहेर पडू शकणार होता, दुसऱ्याने घर सांभाळायचं होतं, आणि मी ज्याच्यापुढे जास्त वर्षं होती त्याच्याकडे बघितलं. निवड म्हणजे शेवटी हेच असतं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

सुजितला जिल्ह्याच्या चाचणीला बोलावलं. चाचणी रोह्याला, मॅटवर. खारेपाटातल्या पोराच्या पायात पहिल्यांदाच बूट, त्यामुळे सुरुवातीला तो नव्या नवरीसारखा जपून चालत होता. ते ठीक, ते जातं. पण पहिली चढाई आली, समोरच्याने कोपऱ्यात पाय टाकला, सुजितचं अंग बरोबर वाकलं आणि तिथेच थबकलं. मग तो झेपावला तोवर पाय गेलेला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. समितीतले आमचे अलिबागचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, पोरगा दिसायला छान आहे हो, पण मंद आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी त्याच्या पायांवरून नजर काढून हाताकडे नेली. उजवा हात शेजारच्याच्या हातात होता. शेजारचा महाडकडचा एक अनोळखी मुलगा. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुजित त्या हाताची वाट बघत होता.

आमच्याकडच्या संघांत भावकीच खेळते. कोपऱ्यात धाकटा असला तर शेजारी थोरला, काका, चुलत भाऊ, कुणी तरी वयाने मोठा. मोठ्याने हात दाबला की लहानाने जायचं. त्याआधी नाही. हे कुणी शिकवत नाही. पानावर मोठ्याने घास घेतल्याशिवाय लहान घास घेत नाही, तेही कुठे कुणी शिकवतं? आपण आधी गेलो आणि चुकलो तर मोठ्याच्या आधी गेल्याची चूक वेगळी आणि पकड फसल्याची वेगळी, असा दुहेरी मार असतो. सुजितने जन्मभर मंगेशने हात दाबण्याची वाट बघितली होती. तो महाडचा बिचारा, त्याला काय ठाऊक की आपण हात दाबायचा असतो.

मी त्याला बाद होऊ दिलं नाही. शिमग्याआधी दुसरी चाचणी होती, तेव्हा पुन्हा बघू म्हणालो. अलिबागकर हसले. म्हणाले, मास्तर, तोपर्यंत काय हा विजेसारखा होणार आहे का?

थंडीच्या दिवसांत नागोठण्यावरून एसटीने जाताना दोन्हीकडे वालाची शेतं दिसतात. बुटकी, हिरवीगार, दव पडून भिजलेली. पुढे वडखळजवळ कारखान्याचा धूर लागतो आणि मग खाडीचा वास येतो. चाचणीनंतर मी असाच एका सकाळी त्या गावात जाऊन उतरलो. मंगेश शिफ्ट करून आलेला, झोपायच्या आधी मैदानावर पाइपने पाणी मारत होता. मला बघून त्याला वाटलं, निवड झाली हेच सांगायला सर आले. मी इकडचं तिकडचं बोललो नाही.

"तो मंद नाही," मी म्हणालो. "तो तुझी वाट बघतो."

मंगेशला लगेच कळलं. खेळातली गोष्ट त्याला दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे. त्याने आपल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, मग मी उजव्या कोपऱ्यात उभा राहू का, दुसऱ्या टोकाला? मी म्हटलं, तू मैदानात कुठेही असलास तरी तो आधी तुझ्याकडे बघेल. पाइप त्याच्या हातात तसाच होता, पाणी एकाच जागी पडत राहिलं आणि तिथे चिखल झाला.

"म्हणजे मी खेळायचंच नाय," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. किती दिवस, असं त्याने विचारलं नाही. त्याने एवढंच सांगितलं की सुजितला यातलं काही कळू देऊ नका, कळलं तर तो खेळणार नाय. मग त्याने नळ बंद केला, मला चहाला घरी नेलं आणि चहा पिऊन झोपायला गेला. मी एसटीत बसलो आणि पुढच्या सामन्यांचा विचार करू लागलो. मला कामाचं समाधान होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगल्या वैद्याला दुखणं सापडलं की होतं तसं.

पुढच्या सामन्याला मंगेश उतरला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. कर्णधारपद दुसऱ्याला दिलं, आणि प्रेक्षकांत जाऊन बसला तो मैदानाकडे पाठ करून. लोकांना वाटलं रुसला. खरी गोष्ट अशी की पहिल्याच चढाईला सुजितने मान वळवून भावाला शोधलं होतं आणि ते मंगेशने पाहिलं होतं. भावाचं तोंडच दिसलं नाही तर पोरगा बघणार कुठे, म्हणून ही पाठ. शेजारी बसलेला माणूस काय चाललंय ते सांगे आणि हा समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत ऐके. मंडळ पहिल्याच फेरीत हरलं. मग पुढच्या स्पर्धेतही हरलं.

गावाला बोलायला विषय हवाच असतो. भावांचं बांधावरून बिनसलं, बायकोने कान भरले, मंगेशला धाकट्याचं नाव झालेलं बघवत नाही. मंगेश ऐकून घेई. सुजितने त्याच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका पंगतीत बसून दोघे एकमेकांकडे बघेनात. मी तिकडे गेलो की माझ्याशीही सुजित हो-नाही एवढंच बोले, पण मैदानात काय होतंय ते मला दिसत होतं. त्याचा उजवा हात आता शेजाऱ्याच्या हातात नुसता असायचा, त्यात वाट बघणं राहिलं नव्हतं. त्या हातावरचा त्याचा विश्वासच गेला होता.

एकदा त्यांच्या आईने मला ओटीवर बसवलं. सुनेला म्हणाली, "चहा ठेव गो," आणि सून आत गेल्यावर आवाज खाली आणून मला विचारलं, "सर, माझ्या पोरांत तुमी काय लावून दिलंत?" तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईला कळतं ते कळतं. मी तिला सगळं सांगितलं, कारण तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं की त्या बदल्यात सुजित नक्की वर जाईल ना. मी म्हटलं, नक्की कुणीच सांगू शकत नाही. ती म्हणाली, बरा सौदा आहे तुमचा. चहा आला, मी प्यालो, आणि त्या चहाची मला जन्मात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली.

मग तो सामना झाला. समोर रोह्याकडचा एक तगडा चढाईपटू, दोनदा सुजितच्या कोपऱ्यातून गुण घेऊन गेलेला. तिसऱ्यांदा तो आला, डाव्या बाजूला सरकला, हाताने एक हूल दिली. सुजितचं अंग वाकलं आणि थबकलं नाही. त्याने शेजाऱ्याचा हात झिडकारला आणि घोटा धरला. एकट्याने. तो तगडा गडी त्याला मध्यरेषेपर्यंत फरफटत घेऊन गेला, पण घोटा सुटला नाही, मग बाकीचे येऊन पडले. गाव उठून उभं राहिलं. मंगेश खांबाकडे तोंड करून बसला होता, मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याने शेजारच्याला विचारलं, कोणी धरला? शेजारचा म्हणाला, सुजितनं.

"एकट्यानं?" मंगेशने विचारलं.

शेजारचा हो म्हणाला. मंगेशने मान हलवली. तेव्हाही तो वळला नाही. मी तिथून बाजूला झालो, कारण निवडसमितीच्या माणसाने गर्दीत डोळे पुसत उभं राहणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या चाचणीत अलिबागकरांनी स्वतः सुजितचं नाव पुढे केलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. पुढचं सगळं वर्तमानपत्रात येण्यासारखं आहे, म्हणून त्यात मला फारसा रस नाही. जिल्हा, मग राज्य, मग शिबिर, मग लीग. आईने त्याला खरं काय ते सांगितलं तेव्हा तो शिबिरातून न विचारता पळून घरी आला, भावाच्या पायाशी बसून रडला, आणि मंगेशने त्याला दुसऱ्या सकाळच्या गाडीत बसवून परत पाठवलं. लीगच्या पहिल्या वर्षी त्याला बाकावरच बसवलं. मला ते पसंत पडलं. बाकावरचा पोरगा कसा बसतो तेही मी बघतो, आणि टीव्हीवाले मधूनमधून बाक दाखवतात. सुजित पुढे झुकून बसलेला असायचा, समोरच्यांच्या कमरेकडे बघत. दुसऱ्या वर्षी कोपरा मिळाला.

आता तो पुरता तयार झाला आहे. छाती भरली, मान जाड झाली, बुटांत सहज वावरतो. समोरच्याचे जुने सामने लॅपटॉपवर बघून तो कुठल्या पायाने आत येतो ते आधीच ठरवून ठेवतो. फोनवर मला सगळं सांगतो, मी हूं हूं करतो. दोष आहेच. हल्ली कधी कधी फार लवकर जातो. आघाडी असताना थांबायला हवं तिथे थांबत नाही, आणि समोरच्याला फुकटचा गुण देऊन बसतो. प्रशिक्षक त्याला ओरडतात. मला त्याचं कारण माहीत आहे, पण ते सांगून सुधारण्यासारखं नाही. ज्याला थांबायचं कसं ते कायमचं विसरायला लावलं, त्याला आता जरा थांब म्हणून काय उपयोग? हे मी बायकोला म्हणालो तेव्हा ती म्हणाली, अहो, तुमचं समाधान देव आला तरी व्हायचं नाही.

मंगेश पुन्हा कधी खेळला नाही. पुढच्या वर्षी उतरेल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. पण मंडळाने त्या जागी दुसरा मुलगा उभा केला होता, तो बरा खेळत होता, त्याला काढायचं कसं? मग कंपनीत शिफ्ट बदलली, मग दुसरी मुलगी झाली. खेळाडू बसला की लगेच संपत नाही, पण त्याला बसायची सवय लागते आणि लोकांना तो बसलेला बघायची. सुजित दर खेपेला त्याच्यासाठी भारीतले बूट आणतो. मंगेश ते बाजाराला घालून जातो.

परवाचा तो चोपण्यांचा आवाज ऐकून राहवेना, म्हणून मी दोन दिवसांनी त्यांच्या गावी गेलो. मैदान तयार होत आलं होतं. मंगेशने वालाच्या शेताकडेला पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवलेला. उन्हं उतरत होती. सुजितचा सामना चालू होता. मंगेशच्या थोरल्या मुलीने मोबाइल एका दगडाला टेकवून उभा केला आणि आम्ही मडक्यातून काढलेल्या भाजक्या शेंगा सोलत बघत बसलो. सुजितने एक पकड केली, अगदी नेमकी. कुणी ओरडलं नाही. अशा पकडींची आता घरच्यांना सवय झाली आहे. मुलगी मीठ आणायला आईकडे गेली तेव्हा आम्ही दोघेच राहिलो.

"सर, एक विचारू?" मंगेश म्हणाला. तो शेंगेकडे बघत होता. "माझं काय होतं? मी गेलो असतो तर कुठपर्यंत गेलो असतो? खरं सांगा. तुमी कुणाला खोटं सांगत नाय."

उत्तर मला ठाऊक होतं, पहिल्या संध्याकाळी खुर्ची पुढे ओढली तेव्हापासून. आत्ता सुजित जिथे आहे तिथे मंगेश पोचला असता, आणि कुठे थांबायचं ते कळत असल्यामुळे कदाचित त्याच्याही पुढे. किती बापांना मी तोंडावर नकार दिला आहे, पण कुणाला "हो, गेला असतास" असं सांगण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. हे ऐकून जो माणूस मागे उरला असता, त्याची मला भीती वाटली.

"जिल्ह्यापर्यंत," मी म्हणालो. "त्याच्या पुढे नाही. पायांत थोडा कमी पडला असतास."

इतक्या वर्षांतला माझा हा एकच खोटा निकाल, आणि तो देताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मंगेशने हातातली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, चावून संपवले. मग त्याने एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता हा रडतो. तो हसत होता.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी काय तरी सोडलं."